खोली र्योकानात, न्हाणीघर गावात

(दृश्य: संध्याकाळ. दगडी काठांमधून वाहणारी अरुंद नदी, काठावर झुकलेले विलो, कमानीचे छोटे पूल.)

निवेदन:

आपल्याला ऐकू येतो आहे तो लाकडी खडावांचा आवाज. जपानमध्ये या खडावांना गेता म्हणतात. ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून जवळच वसलेल्या किनोसाकी या गावात दिवस कलला की हा टकटकाट सुरू होतो आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. अंगात सुती युकाता, म्हणजे कमरेला पट्टा बांधलेला सैल झगा, खांद्यावर पंचा आणि हातात लहानशी टोपली अशा थाटात ओतानी नदीच्या काठाने निघालेली ही माणसे कुठल्या जत्रेला चाललेली नाहीत. ती अंघोळीला चालली आहेत, आणि यांतली कित्येक जण आज दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा चालली आहेत.

क्योतोहून जलद गाडीने सुमारे अडीच तासांत येथे पोहोचता येते. उतरायचे ते र्योकानात, म्हणजे जुन्या वळणाच्या जपानी सराईत. मोजक्याच खोल्या असलेल्या अशा सराईच्या दारात पाऊल टाकताच पहिला नियम भेटतो: पादत्राणे उंबऱ्याशी काढायची. हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. पुढचे मात्र शिकावे लागते, कारण लाकडी ओसरीवर सपाता चालतात, खोलीतल्या तातामीवर, म्हणजे जाड गवती चटईवर, त्या चालत नाहीत, आणि शौचालयाच्या सपाता वेगळ्या असून त्या तिथेच सोडून यायच्या असतात. या शेवटच्या नियमात नवखा पाहुणा हमखास चुकतो आणि शौचालयाच्या सपाता पायांत घालून ओसरीभर मिरवतो.

खोलीत पलंग नसतो, कपाटही नजरेस पडत नाही. गवती तातामीचा मंद वास, एक बुटके मेज आणि त्यावर चहाबरोबर ठेवलेली एखादी गोड वडी, एवढेच दिसते. ही वडी निव्वळ पाहुणचाराची नव्हे. उपाशीपोटी कढत पाण्यात बसले तर भोवळ येते, म्हणून आधी थोडे गोड खावे, असे तिचे कारण सांगितले जाते. त्यानंतर युकाता चढवायचा. त्याची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलट बाजू फक्त मृताला नेसवताना घेतात, आणि पाहुण्याकडून ती चूक झालीच तर सेविका न बोलता, हसतमुखाने पदर बदलून देते.

किनोसाकीचे वेगळेपण येथून पुढे आहे. जपानमधील बहुतेक गरम पाण्याच्या ठिकाणी सराईची मातबरी तिच्या स्वतःच्या स्नानगृहावर ठरते. किनोसाकीत मात्र गावाची म्हणून सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि त्यांना सोतोयू, म्हणजे बाहेरची न्हाणी, असे म्हणतात. येथील लोक सांगतात की रेल्वे स्थानक हा आमचा दरवाजा, रस्ता ही ओसरी, र्योकान या खोल्या आणि सोतोयू ही न्हाणीघरे. अवघे गाव मिळून एकच सराई आहे. पर्यटकांना सांगण्यासाठी तयार केलेले हे सुभाषित वाटेल, पण त्यामागे वीस वर्षांहून अधिक काळ चाललेले भांडण आहे.

(दृश्य: स्नानगृहाचे छप्पर, त्यावरून उठणारी वाफ.)

1927 साली येथील एका र्योकानाने आपल्या आवारात गरम पाणी घेऊन पाहुण्यांसाठी घरच्या घरी स्नानाची सोय करण्याचे ठरविले आणि गाव खवळले. जमीन त्याची असेल, पण तिच्याखालचे पाणी कोणाचे, हा प्रश्न न्यायालयात गेला. गावाची भीती निराधार नव्हती. पाहुण्याला खोलीशेजारीच अंघोळ मिळाली तर तो रस्त्यावर कशाला येईल, आणि तो रस्त्यावर आला नाही तर खेळण्यांचे, मिठाईचे, खडावांचे दुकान कोणासाठी उघडे ठेवायचे? हा वाद महायुद्ध संपल्यावरही मिटला नव्हता. अखेर 1950 साली समेट झाला: गरम पाणी गावाच्या सामाईक मालकीचे राहील, सराईंना आत छोटे स्नानगृह बांधता येईल, पण त्याला मर्यादा असेल. पुढे 1972 च्या सुमारास झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांनी गावभर फिरविण्याची व्यवस्था झाली. आजही येथील बऱ्याच र्योकानांतले आतले स्नानगृह बेताचेच असते. हा कमीपणा नसून त्या समेटाचा मान आहे, आणि माझ्या मते किनोसाकीतील सर्वांत देखणी गोष्ट तीच आहे.

या भांडणाच्या आधी दोनच वर्षे, म्हणजे 23 मे 1925 रोजी, या भागाला मोठा भूकंप झाला. दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या असताना धरणी हादरली आणि लाकडी गाव जळून गेले. आज दिसणारे नदीचे बांधीव काठ आणि कमानीचे पूल त्यानंतरच्या पुनर्बांधणीतले आहेत. काठाचा दगड जवळून पाहावा. तो काळा, दाट पोताचा आणि कोनाकोनांचा आहे. शेजारच्या गेन्बुदो या गुहेतील कातळाचे खांब भूकंपात कोसळले आणि तेच दगड या नदीला लागले. हा आपल्या सह्याद्रीचाच दगड आहे, बेसाल्ट. जपानीत बेसाल्टला गेन्बुगान म्हणतात, आणि हे नाव याच गेन्बुदोवरून पडलेले आहे. याच ठिकाणच्या खडकाचा अभ्यास करून मातुयामा मोतोनोरी या जपानी भूभौतिकशास्त्रज्ञाने पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पूर्वी उलटे होते, असे 1929 मध्ये मांडले. अंघोळीला निघालेल्या माणसांना अर्थात याच्याशी काही देणेघेणे नसते.

सातांपैकी कोउनोयू हे स्नानगृह दंतकथेने सर्वांत जुने. जखमी पायाचा एक करकोचा येथील पाण्यात उभा राहून बरा झाला, असे म्हणतात. जपानच्या रानातला हा करकोचा 1971 मध्ये याच परिसरातून नाहीसा झाला आणि 2005 मध्ये माणसांनी वाढवलेले पक्षी येथेच पुन्हा मोकळे सोडण्यात आले. मांदारायूची कथा दोची शोनिन या भिक्षूच्या हजार दिवसांच्या जपाची आहे. इचिनोयूत खडक खोदून केलेली गुहा आहे. एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) एका वैद्याने तेथील पाण्याला देशात पहिले ठरविले, त्यावरून हे नाव पडले; इचि म्हणजे एक.

(दृश्य: स्नानगृहाचे दार. स्त्रिया आणि पुरुष यांसाठी वेगळे पडदे.)

कोकणात गरम झऱ्याला उन्हाळे म्हणतात. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे ही नावे त्यावरूनच आली. तेथे आपण अंगावरच्या कपड्यांनिशी कुंडात उतरतो. येथे वस्त्र बाहेर राहते, सगळे, आणि मराठी पाहुण्याचा पाय पहिल्यांदा अडखळतो तो याच पडद्याशी. आत गेल्यावर बुटक्या स्टुलावर बसायचे, साबण लावून अंग स्वच्छ घासायचे, फेसाचा थेंबही उरणार नाही असे धुवायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. मळ काढणे हे या पाण्याचे कामच नव्हे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून त्याची घडी करून लोक ती डोक्यावर ठेवतात. पाणी पहिल्यांदा चटका देते. मानेपर्यंत बसून राहिले की मिनिटाभरात तो चटका ओसरतो आणि शेजारी बसलेला उघडा माणूस आपल्याकडे पाहत नाही, हेही लक्षात येते. अंगावर गोंदण असलेल्यांना जपानमधील अनेक स्नानगृहे प्रवेश नाकारतात. किनोसाकीच्या सोतोयूंत त्यांना मज्जाव नाही.

रात्रीचे जेवण र्योकानात, ठरल्या वेळी. नोव्हेंबर ते मार्च हे समुद्री खेकड्यांचे दिवस. कच्चा, भाजलेला, उकळत्या भांड्यात शिजवलेला असा खेकडा एकामागून एक येत राहतो, आणि चिंबोरीच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला मसाला आठवला तरी हात थांबत नाही. शाकाहारी पाहुण्याने मात्र खोली ठरवतानाच स्पष्ट कळवावे, कारण वरकरणी भाजीची वाटणारी वाटीही बहुधा माशाच्या अर्कात शिजलेली असते. जेवण आटोपून परतावे तो खोलीत मेज बाजूला सरकलेले असते आणि तातामीवर गाद्या घातलेल्या असतात.

सकाळी पहिली अंघोळ साधण्यासाठी काही हौशी मंडळी स्नानगृह उघडण्याआधीच दाराशी उभी राहतात. पहिल्या क्रमांकाने आत शिरणाऱ्याला आठवण म्हणून लाकडी पाटी मिळते. बाकीचे मासळी, भात आणि मिसो सूप अशी न्याहारी करून सावकाश आवरतात. हिशेब चुकता होतो. बक्षिसी देण्याची पद्धत येथे नाही. काल उंबऱ्याशी काढलेली पादत्राणे कोणीतरी न सांगता बाहेर आणून ठेवलेली असतात. काल त्यांची टोके घराकडे होती. आज ती रस्त्याकडे वळवलेली आहेत.