सदतिसावा फोटो

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय प्रवासातल्या फोटोंविषयी. फोटो काढला की जागा लक्षात राहते, की उलट विसरायला होते?

गोष्ट रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली आहे. एका रोलमध्ये फोटो 36. मी आणि ताई एका बेटावरचं दीपगृह बघायला गेलो होतो. छत्तीसच फोटो, म्हणून माझा हात आखडता. वर चढताना एक खिडकी लागली. बिजागरी गंजलेली, आणि चौकटीतून खाली आम्हाला परत न्यायला येणारी होडी दिसत होती. ती नेमकी मधोमध यावी म्हणून मी दहा मिनिटं डोळा लावून उभा.

"अरे, होडी काय तुझ्यासाठी सरळ येणारे का?" ताई वैतागली.

पुढे छत्तिसावा फोटो झाला. रोल पुढे सरकवायचा खटका ओढला, तर सदतिसावाही निघाला! तेव्हा सदतिसावा निघणं म्हणजे लॉटरीच. अडतीस, एकोणचाळीस... मी खूश. एक्केचाळिसाव्याला ताई म्हणाली, "तुझा रोल संपत कसा नाही रे?" पोटात गोळाच आला. खटका ओढला की कॅमेऱ्यावरची, रोल परत गुंडाळायची मूठ थोडी फिरते. माझी जागची हलत नव्हती. खोलीवर येऊन अंधारात झाकण उघडून चाचपलं. रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं पुढचं टोक, खाचेतून निसटलेली. म्हणजे पहिल्या फोटोपासून रोल सरकलाच नव्हता.

एकही फोटो नाही. पण ती खिडकी, तो गंज, ती होडी मला आजही जशीच्या तशी दिसते.

असं का व्हावं? लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी एका संग्रहालयात प्रयोग केला. तो 2014 साली छापून आला. ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला, तिथे असा विसर पडला नाही. पुन्हा सांगतो: नुसता खटका दाबला तर विसर, निरखून टिपलं तर नाही. (जाता जाता, फोटोमागे तारीख लिहून ठेवणारी माणसं मला फार थोर वाटतात. आणि फोटो काढताना "हसा, हसा" म्हणून ओरडणारी अजिबात नाही.)

2017 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात, मनासारखे फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं आणि ऐकलेलं कमी. पाहिलेलं जास्त, ऐकलेलं कमी. हे वाचलं आणि मी ताईला फोन केला. त्या खिडकीपाशी तुला काय आठवतं, विचारलं.

"होडीवाला," ती म्हणाली. "भरती येतेय, लवकर उतरा म्हणून खालून ओरडत होता. तीनदा ओरडला. मी तुझी बाही ओढत होते!"

मला तर तिथे शांतता आठवते.