हात बसायचा राहिला

(पडद्यावर: मशीनचं टूल हळूहळू खाली येतंय. खाली कागदाची एक चिटोरी.)

हा वहीचा साधा कागद. कापणारं टूल जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, नेमकं कुठे टेकतं ते बघायला दोघांच्या मध्ये धरायचा. एका हाताने हँडव्हील एकेक खूण फिरवायचं, दुसऱ्याने कागद मागेपुढे सरकवत राहायचं. सरकता सरकता तो किंचित अडतो. तिथे थांबायचं. आणखी थोडं फिरवलं की कागद फाटलाच. हे 'किंचित' म्हणजे किती, ते बोटांना कळतं. मोबाईलवर बघून नाही कळत.

फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही बावीस जणांनी याचेच पैसे भरले होते. नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूचं एक खासगी इन्स्टिट्यूट, सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या कोडवर धातू कापणारी मशीनं) ऑपरेटरचा सहा महिन्यांचा कोर्स, फी २८,००० रुपये. नाव घेत नाही. वडिलांनी लाल कांदा विकून आलेल्या पट्टीतून पहिला हप्ता भरला, दुसरा मामांनी दिला. निफाडहून नाशिकचं सीबीएस स्टँड, तिथून सिटी बस. मशीनवर प्रत्यक्ष उभा राहिलो चार दिवस. २५ मार्चला देश बंद झाला.

मे महिन्यात ग्रुपवर लिंक आली. आमच्याकडे रेंज यायची ती फक्त कांद्याच्या चाळीपाशी, म्हणून क्लास तिथेच. स्क्रीनवर करडा ठोकळा, त्यावरून लाल रेघ फिरायची. जी-०१ म्हणजे सरळ रेषेत कटिंग, एम-३० म्हणजे प्रोग्रॅम संपला. कोड पाठ झाले. कोड काय, पाठ होतातच. सरांचाही तसा दोष नव्हता, बिचारे घरातल्या फळ्यावर जॉब पकडणाऱ्या चकचे तीन जबडे काढून दाखवायचे.

लॉकडाऊन काही इन्स्टिट्यूटने लावला नव्हता, हे आम्हालाही कळत होतं. पण बंद मशीनची वीज वाचली, कापताना टूलवर सोडायचं कूलंट वाचलं, कापायचं मटेरियल वाचलं. ते पैसे कोणाचे? शाळांच्या बाबतीत हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे गेला. ३ मे २०२१ रोजी राजस्थानातल्या शाळांना कोर्टाने सांगितलं, न वापरलेल्या सोयींपोटी फीमध्ये १५ टक्के सवलत द्या. १२ ऑगस्टला महाराष्ट्र सरकारनेही तसा जीआर काढला. पण तो शाळांचा. आमचा कोर्स त्यात कुठे बसणार?

(पडद्यावर: फीची पावती. कॅमेरा तळाच्या ओळीवर.)

'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' गेटवर जमलो की हीच ओळ दाखवायचे. मग कोणीतरी म्हणालं, ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, पण कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरू नका असं सांगितलेलं. म्हणजे वेळ होता.

अडचण निघाली भलतीच. लॉकडाऊनच्या दोनच महिने आधी, २० जानेवारी २०२० रोजी, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल दिला होता: शिक्षणसंस्था, अगदी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्यासुद्धा, जुन्या ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, कोचिंग क्लास मात्र येतात. म्हणजे आम्ही विद्यार्थी असलो तर हरलो, गिऱ्हाईक असलो तर जिंकलो. आणि गंमत बघा, ॲडमिशन घेताना 'नोकरीची हमी' म्हणून दुकानासारखी जाहिरात करणारे आता पत्रात स्वतःला 'शैक्षणिक संस्था' लिहायला लागले.

आम्ही नऊ जणांनी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. पोचपावत्या आल्यावर महिन्याभरात बोलावणं आलं: दहा-दहा हजार घ्या, सही करा. सात जणांनी केली. मीही केली. घरी कांद्याचं बी घ्यायचं होतं. नुसते गेटवर ओरडून गेलेल्या तेरा जणांना काहीच मिळालं नाही.

नाशिकच्याच अंबडला कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा मशीन लावून देणाऱ्या सेटरकाकांनी हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर दिला. "सांग, किती आहे?" मी बराच वेळ फिरवत राहिलो. त्यांनी तो काढून घेतला. "आवळतोयस कशाला, नट आहे का तो?" संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर त्यांनी वहीचं पान फाडलं आणि मला मशीनजवळ बोलावलं.

(पडद्यावर: प्लास्टिकच्या कव्हरमधलं प्रमाणपत्र.)

हे माझं सर्टिफिकेट. थिअरी, ६१. प्रॅक्टिकल, शंभरपैकी ८२.