एक लाख सत्तर हजारांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक लागली की सोलापुरात चहाच्या टपरीवर, कारखान्यात, बीडीची पानं कातरत बसलेल्या बायकांत एक वाक्य हमखास निघतं. "माणूस चांगलाय, पण त्याला मत दिलं की वाया." हा चांगला माणूस बहुतेक वेळा दोन मोठ्या पक्षांच्या बाहेरचा असतो. अशा तिसऱ्याला मत द्यावं का, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. द्यावं, पण मागचा निकाल समोर ठेवून, हिशेब करून द्यावं. आणि लोकसभेच्या आधी महापालिकेला द्यावं.

हिशेब म्हटलं की आपल्या सोलापूरची २०१९ ची लोकसभा आलीच. मतदान १८ एप्रिलला, निकाल २३ मेला. मैदानात तीन मोठी नावं. भाजपकडून गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी, काँग्रेसकडून सुशीलकुमार शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीकडून प्रकाश आंबेडकर. देशाचे गृहमंत्री राहिलेले शिंदे स्वतःच्या जिल्ह्यात उभे, त्यात आंबेडकर अकोल्याबरोबर सोलापुरातूनही लढणार म्हटल्यावर सगळ्या राज्याचं लक्ष इकडे लागलं होतं.

निकाल लागला. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, आकडे सावकाश सांगतो. महास्वामी ५,२४,९८५. शिंदे ३,६६,३७७. आंबेडकर १,७०,००७. लीड १,५८,६०८ मतांचं. पुन्हा सांगतो: लीड एक लाख अठ्ठावन्न हजार आणि तिसऱ्याची मतं एक लाख सत्तर हजार.

तिसऱ्याची मतं लीडपेक्षा जास्त! झालं, संध्याकाळपर्यंत निदान ठरलं. "वंचितने मतं खाल्ली, शिंदे पडले." आजही कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. हे उत्तर किती खरं, ते आकड्यांनाच विचारू.

शिंदे निवडून यायला त्यांना १,५८,६०९ मतं जास्त लागत होती. ती आंबेडकरांच्या १,७०,००७ मधूनच यायची, तर शंभरातली त्र्याण्णवपेक्षा जास्त मतं थेट पंजावर पडायला हवी होती. उरलेल्या सहा-सात जणांनी घरी बसायचं, पण कमळाला हात लावायचा नाही. आता समजा, त्या शंभरातले फक्त चार जण कमळाकडे वळले असते. मग उरलेले सगळेच्या सगळे शहाण्णव पंजाला देऊनही शिंदे मागेच राहिले असते, कारण समोरच्याकडे गेलेलं प्रत्येक मत लीड वाढवतं. शंभरातले चार, श्रोतेहो. कुठल्याही गल्लीतले शंभर मतदार उभे करा आणि एकालाही दुसरा पक्ष चालत नाही असं म्हणून दाखवा.

याहून मोठी गोष्ट पाच वर्षं मागे आहे. २०१४ ला आंबेडकर सोलापुरात नव्हते. लढत सरळ होती, भाजपचे शरद बनसोडे आणि शिंदे. तेव्हा शिंदेंना मिळाली ३,६८,२०५ मतं. २०१९ ला आंबेडकर उभे असताना मिळाली ३,६६,३७७. फरक १,८२८ मतांचा. एक लाख सत्तर हजार मतं खाल्ली म्हणतात आणि ताटातून कमी झाली अठराशे अठ्ठावीस! २०१४ ला सरळ लढतीतही शिंदे १,४९,६७४ मतांनी पडले होते. म्हणजे तिसरा नव्हता तेव्हा दीड लाखाने हार, तिसरा आला तेव्हा एक लाख अठ्ठावन्न हजाराने हार.

मग आंबेडकरांची मतं आली कुठून? पाच वर्षांत सोलापुरात झालेलं मतदानच लाखाहून जास्त वाढलं होतं. यादीत नवी नावं आली होती. इथे एक सावधगिरी मात्र हवी. बेरीज तेवढीच राहिली म्हणजे माणसं तीच राहिली असं होत नाही. काही काँग्रेसवाले वंचितकडे गेले असतील, त्यांची जागा दुसऱ्यांनी भरली असेल. आंबेडकर नसते तर नव्या मतदारांतले बरेच जण पंजाकडेही गेले असते. पण "तिसऱ्यामुळेच निकाल फिरला" हे छातीठोकपणे सांगायला हे आकडे पुरत नाहीत. अजिबात पुरत नाहीत.

आता या गोष्टीचं शेपूट. २०२४ ला वंचितच्या उमेदवाराने मुदतीत अर्ज मागे घेतला आणि लढत प्रणिती शिंदे विरुद्ध राम सातपुते अशी झाली. काँग्रेस ६,२०,२२५, भाजप ५,४६,०२८, लीड ७४,१९७. लगेच लोक म्हणाले, बघा, तिसरा हटला आणि सीट निघाली. वंचित नसल्याचा फायदा काँग्रेसला झालाच असणार, तो नाकारायचं कारण नाही. पण काँग्रेसची वाढ आहे २,५३,८४८ मतांची. वंचितची मागची सगळी मतं, एकही न गळता, पंजावर आली असं धरलं तरी आणखी ८३,८४१ मतं दुसरीकडून आणावी लागतात. त्या वेळच्या आघाडीतल्या मित्रपक्षांची मतं, पहिल्यांदा मतदान करणारी मुलं आणि दहा वर्षांची नाराजी हे सगळं त्यात आहे.

जाता जाता एक बोलतो, कारण ते मनाला लागतं. टीव्हीवर बसून "अमुक समाजाची इतके टक्के मतं तमुक पक्षाला" असं सांगतात. मतदान यंत्रात जात नोंदवली जात नाही. तिथे फक्त कुठल्या केंद्रावर कुणाला किती, एवढंच मोजलं जातं. बाकीचे टक्के अंदाजाचे असतात. पद्मशाली, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, धनगर अशा गठ्ठ्यांत सोलापूरकराला बांधून टाकणं मला पटत नाही. बीडी वळणारी बाई मत देताना रेशन, घरकुल आणि मजुरी पाहते.

असो. २०१९ च्या या आकड्यांवरून एक नियम निघतो, तो लक्षात ठेवा. तिसऱ्याची मतं लीडपेक्षा कमी असतील, तर ती सगळी दुसऱ्याला गेली असती तरी निकाल तोच. विषय संपला. तिसऱ्याची मतं जास्त असतील, तर लीडला त्या मतांनी भागा. उत्तर नव्वद टक्क्यांच्या पुढे आलं तर निकाल फिरणं जवळजवळ अशक्य. दहा-वीस टक्के आलं तर मात्र तुमचं एकेक मत जपून टाका. सांगोल्यात २०१९ च्या विधानसभेला शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी जिंकले. फक्त ७६८. अशा ठिकाणी हजारभर मतं घेणारा उमेदवारसुद्धा निकाल फिरवू शकतो. तिथे "मनाला पटलं म्हणून दिलं" एवढ्यावर थांबू नये. पहिल्या दोघांत आपल्याला कोण अजिबात नको, हेही ठरवूनच आत जावं.

सांगोल्याचं नाव निघालंच आहे तर आणखी एक मुद्दा. तिसरा म्हणजे कोण? राज्याच्या हिशेबात शेतकरी कामगार पक्ष छोटा, पण सांगोल्यात गणपतराव देशमुख त्याच पक्षाकडून अकरा वेळा आमदार झाले आणि २०२४ ला बाबासाहेब देशमुखांनी जागा परत घेतली. तिथे शेकापला मत वाया जातं असं कुणी म्हणणार नाही. आपल्या सोलापूर शहर मध्य विधानसभा मतदारसंघात २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही विधानसभांना दुसऱ्या नंबरवर एमआयएम होता. २०२४ ला भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले आणि काँग्रेस तिसऱ्या नंबरवर गेली. तेव्हा "मोठ्याला द्या, लहानाला देऊ नका" हा सल्ला तिथे कुणी दिला तर मोठा कोण, हे आधी विचारा. पेपरातलं राज्याचं चित्र आपल्या वॉर्डाला जसंच्या तसं लागू होत नाही.

डिपॉझिटचं थोडक्यात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त. आंबेडकरांची १,७०,००७ मतं पहिल्या तिघांच्या बेरजेतसुद्धा सोळा टक्क्यांच्या आसपासच भरतात आणि रेषा आहे पावणेसतरा टक्क्यांच्या जराशी खाली. पावणेदोन लाखांच्या जवळ जाऊनही रेषा हुकते. म्हणून "डिपॉझिट गेलं" ऐकलं की उमेदवाराला कुणी विचारलंच नाही असं समजू नका.

आता महापालिका. २०१७ ला १०२ जागांत भाजप ४९, शिवसेना २१, काँग्रेस १४, एमआयएम ९, राष्ट्रवादी ४, बसप ४, माकप १. बहुमताला ५२ लागतात, सगळ्यात मोठ्या पक्षाला तीन कमी. अशा सभागृहात चार नगरसेवकांच्या पक्षालाही ड्रेनेजच्या आणि पाण्याच्या ठरावावर वजन मिळतं. शिवाय एका प्रभागात चार जागा असल्या की मतदाराला चार मतं. चारही एकाच चिन्हाला द्यायची सक्ती नाही. तीन मतं नेहमीच्या पक्षाला आणि एक त्या तिसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याला, जो काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी झोन ऑफिसला चकरा मारतो, असं खुशाल करता येतं. एक मात्र नीट बघा. चार जागांच्या याद्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे तुमचा माणूस अ, ब, क, ड यांतल्या कुठल्या यादीत आहे ते घरातूनच पाहून निघा. एका यादीत शोधत राहायचं आणि तो निघायचा दुसऱ्या यादीत, असा गोंधळ होतो. पक्ष वाढायचा तर असाच खालून वाढतो. लोकसभेला पत्रक छापून पाच वर्षं गायब होणाऱ्याला मत द्यावं असं मी म्हणणार नाही.

आणि मतदान सकाळी सात वाजता उरकून टाका. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर शाळेच्या पटांगणात उभं राहवत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी प्रत्येक केंद्रावर मांडव आणि माठ असायलाच हवा, त्यासाठी आधीच मागणी करा.

शेवटी, हिशेबाला लागणारा कागद कुठे मिळतो ते सांगतो. त्याचं नाव फॉर्म २०. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर लोकसभा-विधानसभेचे हे फॉर्म मतदारसंघानुसार मिळतात. घरातल्या मुलाला मोबाइलवर काढायला सांगा. आडव्या ओळीत एकेक मतदान केंद्र, उभ्या रकान्यात एकेक उमेदवार, पुढे वैध मतं आणि नोटा. नोटा वैध मतांत धरायचा नाही. आपल्या केंद्राचा नंबर मतदार चिठ्ठीवर असतो, पण फसगत इथेच होते. दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रांची फेररचना झाली की नंबर बदलतात. मागच्या वेळचं १४० या वेळी १४६ असू शकतं. म्हणून नंबरावर भरवसा ठेवू नका, शाळेचं नाव आणि खोली जुळवा. टपाली मतं खाली वेगळ्या ओळीत असतात, ती कुठल्याच केंद्राची नाहीत, ती सोडून द्या. मग आपल्या केंद्रावर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, तेवढं एका कागदावर उतरवा आणि तो कागद चिठ्ठीसोबत जपून ठेवा.

नमस्कार.