आवाज उजवीकडे, दुखणं डावीकडे

[दृश्य: पहाट, कडुनिंबाखालचं गॅरेज, एक काळीपिवळी येऊन थांबते.]

परतवाड्यापासून थोडं बाहेर आलं की संत्र्याच्या बागा आणि कपाशीची वावरं लागतात. त्यांच्या पलीकडे घाट सुरू होतो. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. तिथून सवाऱ्या घेऊन खाली येणाऱ्या गाडीचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनरच्या पट्ट्या घासतात. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर सरतो आणि पायडल नेहमीपेक्षा खाली जातं. मागचा ब्रेक आधीच अधू असेल, तर हे घाटातच कळतं.

ड्रायव्हर सांगतो, “मिस्तरी, उजव्या चाकातून खरखर येते. पायडल बी खाली जाऊन राह्यलं. पोळ्याच्या टायमाले लायनर टाकले होते, दिवाळी नाही पाह्यली त्याईनं.”

लायनर एवढ्या लवकर संपत नाहीत. मिस्तरींच्या मनात प्रश्न येतो तो हाच: ते गेले कशानं?

[दृश्य: पुढच्या चाकांना दगड लावले जातात, हँडब्रेक सोडला जातो, मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर चढतो.]

उजवा ड्रम निघायला तयार नाही. आतल्या काठावर गंजाची कड तयार झाली आहे, लायनर तिला अडकतात. हातोडा जोरात घातला तर ड्रमला तडा जाईल. म्हणून मिस्तरी आधी लायनर-ड्रममधली फट भरणारा अ‍ॅडजस्टर सैल करतात, मग ड्रमवरच्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून आळीपाळीनं पिळतात. ड्रम आपणच बाहेर सरकतो.

आतली धूळ ते कॉम्प्रेसरनं उडवत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसून घेतात. काही लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती धूळ छातीत गेली की निघत नाही. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी.

खरखरीचं कारण लगेच दिसतं. लायनर त्यांना पकडून ठेवणाऱ्या रिव्हेटपर्यंत घासले आहेत आणि रिव्हेटनी ड्रमवर चरे पाडले आहेत. घाईत असलेला माणूस इथंच थांबेल, उजवीकडे नवे लायनर टाकून गाडी देऊन टाकेल. मिस्तरी डावा ड्रम उघडतात.

[दृश्य: डावा ड्रम. आतून काळा, ओला.]

या बाजूचे लायनर जाड आहेत, पण तेलानं भिजलेले. भिजलेला लायनर ड्रम पकडत नाही. गाडी थांबेना म्हणून ड्रायव्हर पायडल अधिक दाबत गेला आणि ते जास्तीचं काम उजव्या चाकानं केलं. झिजलं ते उजवं, आजारी होतं ते डावं.

आता हे तेल कुठलं? मिस्तरी बोटावर घेऊन वास घेतात. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्यानं धुऊन जातं. हे घट्ट आहे, गंधकासारखं उग्र. ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहिलं तर आत कोरडं. म्हणजे हे मागची चाकं फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलमधलं गिअर ऑइल, ऑइल सील ही तेल अडवणारी रबरी कडी ओलांडून आलेलं.

“सील नवी टाकली तरी हे परत होईन,” म्हणत मिस्तरी गाडीखाली सरकतात. अ‍ॅक्सलच्या वर बोटाच्या पेरापेक्षा लहान टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतली हवा तापते आणि या टोपीतून बाहेर पडते. पावसाळाभर वावराच्या रस्त्यानं फिरलेल्या या गाडीची टोपी काळ्या मातीनं गच्च बुजली आहे. वाळलेली काळी माती सिमेंटसारखी बसते. हवेला वाट उरली नाही, म्हणून दाबानं तेल सीलमधून ढकललं.

कारण सापडल्यावर दुरुस्ती सरळ आहे, फक्त वेळ खाते. ब्रीदर तारेनं मोकळा होतो. अ‍ॅक्सल शाफ्ट ओढून नवी सील बसते, गेलेलं ऑइल भरलं जातं. भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून परत लावणारे अनेक आहेत. ते चूक आहे. तेल खोल मुरलेलं असतं, ड्रम तापला की पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांचे चारही लायनर नवे हवेत, स्प्रिंगाही. शू, म्हणजे लायनर बसवलेल्या लोखंडी कमानी, जोडताना एक बाजू पूर्ण होईपर्यंत मिस्तरी दुसरी खोलत नाहीत. कुठली स्प्रिंग कुठं जाते, ते समोर पाहता येतं.

पायडल खाली का जात होतं? उजवा अ‍ॅडजस्टर गंजून अडखळत होता, लायनर झिजून वाढलेली फट भरून काढत नव्हता. तो साफ होतो, आट्यांना थोडं ग्रीस लागतं. ड्रम लेथवर जातात. त्यांच्यावर कमाल आतला व्यास कोरलेला असतो. त्यापुढे कापावं लागलं असतं तर ड्रम भंगारात. हे बचावले, दोन्ही एकाच मापाला येतात.

संध्याकाळी चाक हातानं फिरवलं की लायनरची हलकी कुजबुज ऐकू येते. तेवढीच हवी. मिस्तरी गाडी गॅरेजसमोरच्या उतारावर नेतात, हँडब्रेक ओढतात आणि पायडलवरून पाय काढतात. गाडी जागची हलत नाही.

“पाऊस उतरला का ते टोपी फिरवून पायजा,” ते ड्रायव्हरला सांगतात. “अन् घाट उतरताना दुसऱ्या गिअरातच ठेवजा.”