चिठ्ठ्यांचा पिपा

नमस्कार मंडळी. वावरात, बंडीवर, गोठ्यात, जिथं कुठं तुमचा रेडिओ टांगून असेल तिथं सगळ्यांना नमस्कार. मी सिस्टर बोलून राहिली. रिटायर झाली तरी गावोगावी सिस्टरच म्हणतात, ३४ वर्षं उपकेंद्रात काढली ना. आज पोरापोरींच्या वयात येण्याबद्दल बोलायचं आहे. आवाज कमी करू नका. सासरे, आबाजी बसले असतील तर बसू द्या, त्यांनी पण ऐकावं.

आता पाहा, घरी गाय माजावर आली की आपण दहा वर्षाच्या पोराच्या हातात दोर देतो, जा बाबू, भरवून आण. डॉक्टर काय करतो ते तो तिथं उभा राहून पाहतो आणि घरी येऊन सगळ्यांसमोर सांगतो पण. तोच पोट्टा चौदाचा झाला, त्याच्या स्वतःच्या अंगात काय होऊन राहिलं ते विचारायला आला की आपण म्हणतो गप बस, अभ्यास कर. गाईचं चालते, पोराचं चालत नाही.

तर त्या पिपाची गोष्ट सांगते. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, नाव सांगत नाही, काहून ते पुढं कळेलच. आठवी ते दहावीच्या पोरांसमोर बोलायचं होतं. माझी पद्धत अशी होती की गोडेतेलाचा रिकामा पिपा घ्यायचा, छिन्नीनं वरून चीर पाडायची, कुलूप लावायचं आणि आठ दिवस आधी शाळेत नेऊन ठेवायचा. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव टाकू नका. समोर हात वर करून कोणी विचारत नाही हो, मेली तरी पोरगी विचारत नाही.

ठरल्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली. हेडसरांच्या टेबलावर पिपा उघडला तर ५३ चिठ्ठ्या. चार कोऱ्या. सात-आठ खोडसाळ, त्या असतातच. एकानं विचारलं, सिस्टर तुमचा पगार किती. पोरींच्या बऱ्याच होत्या, पाळी दोन महिने आलीच नाही तर काही झालं का, पोट दुखते तर गोळी खाल्ली तर चालते का, आणि एकीनं लिहिलं होतं की आमच्या आईला तिसरी पण पोरगीच झाली तर आजी आईलाच काहून बोलते. हिचं उत्तर शेवटी देते, मला आठवण करून द्या.

आणि तळाशी एक चिठ्ठी, अगदी बोटभर घडी केलेली. उघडली. "सिस्टर, माही धात चालली, रात्री झोपेत जाते. बजारातला बावा म्हणे रक्त आटून राहिलं. मी किती दिवस राहीन. माहं नाव कोणाले सांगू नका." आणि खाली, शाळेत अर्ज लिहायची सवय ना पोट्ट्याला, "आपला आज्ञाधारक विद्यार्थी", आणि पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, वर्ग ९ वा ब!

हसू आलं आणि पोटात गोळा पण आला. तेवढ्यात हेडसर चष्मा पुसत मागं उभे. म्हणे, सिस्टर, जरा पाहू द्या ना काय काय लिहिते आमची मुलं. मी म्हटलं सर, नाही. म्हणे, अहो शाळा माझी आहे. हात पुढं केला त्यांनी. मी काय केलं, चिठ्ठीचा खालचा नावाचा तुकडा फाडला आणि टाकला तोंडात. खरं सांगते. पान चावल्यासारखा चावला आणि गिळला, शाईची कडू चव अजून आठवते. हेडसर पाहतच राहिले. मग म्हणे, चहा सांगू का.

वर्गात गेली. त्या पोट्ट्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, मला त्याचा चेहरा माहीतच नव्हता म्हणा, पण कान लाल झालेला एकच दिसला. मी पंख्याकडे पाहून बोलली. म्हटलं, पोट्टेहो ऐका. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही. पुन्हा सांगते, आजार नाही. वयात आलं की वृषणात आणि बाजूच्या ग्रंथीत ते तयारच होत राहते, टाकी भरली की वरच्या नळीतून सांडते तसं सांडते. रक्ताच्या शंभर थेंबाचा एक थेंब बनते हे साफ खोटं, रक्ताचा आणि त्याचा हिशोबच नाही. हातानं केलं तरी कोणी आंधळा होत नाही, वाळत नाही, पुढं लग्नात अडचण येत नाही. दवाखान्यात केव्हा जायचं? लघवीला जळजळ असेल, पू येत असेल, तिथं फोड, जखम असेल तर. नुसतं झोपेत जाते म्हणून नाही. शेवटच्या बाकावर कोणीतरी एवढा मोठा श्वास सोडला की पुढचे वळून पाहायला लागले.

पंधरा दिवसांनी उपकेंद्रात एक पोरगा आला, बोटाला चिंधी गुंडाळून. सोडून पाहिली तर बोट चांगलं ठणठणीत. मी म्हटलं कुठं लागलं? तो जमिनीकडे पाहत म्हणे, "सिस्टर, बावाच्या दवाईची अर्धी बाटली उरली. काय करू?" मी म्हटलं ओत उकिरड्यावर. "उकिरड्यावर नाही जमत जी, कोंबड्या खातीन." मग हळूच म्हणे, "बाबाची दोन पायली तूर गेली त्याच्यात. दप्तरात घालून नेली होती. बाबानं आमच्या सालदारावर आळ घेतला, त्याले कामावरून काढणार होते." मी म्हटलं मग? "मग काय, सांगितलं मी. तूर मी विकली म्हणून. कायले विकली ते नाही सांगितलं." मार खाल्ला होता, पाठ दाखवली. बाटली माझ्याकडं ठेवून गेला. वास घेऊन पाहिली, गूळ आणि हळद.

आता पाहा, या बजारातल्या तंबूवाल्यांना मी दोष देत नाही, म्हणजे देतेच, पण त्याच्या आधी आपल्याला देते. आपण गप्प राहिलो म्हणून त्याचं दुकान चालते. आता बावा मोबाइलमध्ये आला, एवढाच फरक. आणि एक बोलूनच टाकते. आपल्याकडं शाळेत असा कार्यक्रम ठेवला की प्रास्ताविक अर्धा तास, शाल-श्रीफळ अर्धा तास, पाहुण्यांचं मनोगत, आणि पोरांना उरतात वीस मिनिटं. नारळ फोडून खोबरं तरी वाटा बापा.

२००७ साली आपल्या राज्यात शाळेतलं लैंगिक शिक्षण विधिमंडळात गोंधळ होऊन थांबलं होतं, पोरं बिघडतीन म्हणून. आणि न सांगितल्यानं काय होते ते आपल्याच गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी पत्रिकेत छापून आला. दोन गावातल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही बायकांचा आजार निघाला, आणि त्याच्या आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. अंगावरून जाते, कंबर दुखते, पण सांगायचं कोणाला.

वेळ कमी आहे, भराभर सांगते. पाळी २१ ते ३५ दिवसात येते, पण पहिली एकदोन वर्षं मागंपुढं होते, घाबरू नका. तीन महिने आलीच नाही तर दाखवा. पॅड चार-सहा तासांनी बदला, कापड असेल तर उन्हात वाळवा, चादरीखाली लपवून नाही. शाळेच्या संडासात पाणी नसेल तर पोरीच्या बापानं सरपंचाला विचारावं, बापानं म्हणते मी. आठवड्याची निळी लोहाची गोळी जेवण करून घ्या, उपाशीपोटी मळमळते. अठराच्या आत शरीरसंबंध कायद्यानं गुन्हा आहे, पोरीच्या मर्जीनं असला तरी. लग्न पोरीचं अठरा, पोराचं एकवीस. काही वाईट घडलं, कोणी हात लावला, तर १०९८ हा नंबर, फुकट आहे, दिवसरात्र. पुन्हा सांगते, एक शून्य नऊ आठ. आणि ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक म्हणून खोली असते, १० ते १९ वर्षाच्या पोरापोरींसाठी, समुपदेशक बसतात, पैसे लागत नाही.

हं, ती तिसऱ्या पोरीची चिठ्ठी! पोरगा की पोरगी हे बापाच्या बीजावरून ठरते. आईकडून एकाच प्रकारचं बीज येते, बापाकडून दोन प्रकारांपैकी एक. आजीला सांगा, बोलायचंच असेल तर आपल्या लेकाला बोला. मी म्हणते त्याला पण बोलू नका, त्याच्या हातात तरी कुठं आहे.

ज्या गुरुजींना आपल्या शाळेत असं करायचं आहे, त्यांनी किराणा दुकानातून रिकामा पिपा आणावा. चिरीची धार दगडानं घासून घ्या, नाही तर पोरांची बोटं कापतीन. कुलूप घरचं लावा आणि चावी हेडसरकडे ठेवू नका. काचेपलीकडून भाऊ घड्याळ दाखवून राहिला, बातम्यांची वेळ झाली. येते मी.