गाठी अजून टणक आहेत

ॲस्पॅरॅगस फर्नची ही कुंडी टाकून द्यायला काढली होती. फांद्या पिवळ्या पडल्यात. बोट लागलं की सुयांसारखी पानं झरझर फरशीवर गळतात. कुणीही म्हणेल, झाड गेलं. पण टाकण्याआधी ते एकदा कुंडीतून बाहेर काढून बघू.

हे पाहा. मुळांच्या जाळ्यात अडकलेल्या या पांढरट, फुगीर गाठी. दाबल्या तर टणक लागतात. हा पाण्याचा साठा. ॲस्पॅरॅगस फर्न मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, कोरड्या दिवसांची बेगमी ते मातीखाली करून ठेवतं. वरचं सगळं वाळलं तरी गाठी टणक असतील, तर झाड जिवंत आहे. मऊ, काळपट, पिचपिचीत लागल्या, तर पाणी जास्त होऊन मुळं कुजायला लागलीत असं समजायचं.

नावात फर्न असलं तरी हे नेचं नव्हे. नेच्याला फूल येत नाही. याला मात्र इवली पांढरी फुलं येतात, मग लाल फळं धरतात. शतावरी याच्याच भावकीतली. आणि भिंगातून हे हिरवं बघा: ही पानं नाहीत, खोडाचेच बारीक फाटे आहेत. खरं पान म्हणजे त्यांच्या बुडाशी चिकटलेला हा खवला. जुन्या फांदीवर त्याचाच काटा होतो, म्हणून हातमोजे घातलेले बरे.

आता सुरी. मुळांचा गड्डा इतका गच्च झालाय की बोटांनी सुटत नाही. वाढत्या गाठी माती वर ढकलतात, कधी कुंडीच तडकवतात. म्हणून दर दोनेक वर्षांनी गड्डा काढून बघावा. कापताना घाई नको. सुरी मधोमध, जिथून फांद्या फुटतात त्या भागातून जायला हवी, आणि गड्ड्याच्या दोन्ही तुकड्यांना थोड्या फांद्या, थोडी मुळं यायला हवीत. नुसती गाठ लावून झाड येत नाही, ही चूक फार जण करतात.

नवी कुंडी दोन बोटं मोठी, बुडाला भोक असलेली. माती, कंपोस्ट आणि निचऱ्यासाठी जाड वाळू. काठाशी थोडी जागा मोकळी सोडायची. पिवळ्या फांद्या मातीलगत कापायच्या. मध्येच छाटलेली फांदी पुढे वाढत नाही, नवं सगळं बुडातून येतं.

फळं कुत्र्या-मांजरांना बाधतात, रसाने काहींच्या अंगाला खाज सुटते, आणि पक्ष्यांनी बिया पसरवल्यामुळे ऑस्ट्रेलियात याचं तण माजलंय. तेव्हा फळं वेळीच खुडावीत.

कुंडी खिडकीजवळ. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन थेट नको, त्याने ही सुईपानं करपतात. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यातही ती पिवळी पडून गळतात.

आणि हा तीन आठवड्यांनंतरचा कोंब. एकच, काडीसारखा सरळ, टोकाशी जांभळट. फाटे अजून मिटलेलेच आहेत. या दिवसांत कुंडीची जागा सारखी बदलू नका. पाणी देण्याआधी बोटाचं एक पेर मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच द्या.