नीट नावाच्या रस्त्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी प्रार्थनागटात मी घरातली एक गोष्ट बोलून दाखवली. डोळे मिटलेले, हातात हात, आवाज फुटलेला. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर एका बाईंनी माझा दंड धरला. मी त्यांना धड ओळखतही नव्हते. "तुमच्या घरच्या त्या गोष्टीसाठी प्रार्थना करतेय हं," म्हणाल्या. म्हणजे सगळ्या मंडळीत ती गोष्ट पसरली होती, आणि तीही प्रार्थनेच्या नावाखाली! त्यानंतर गटात माझी पाळी आली की "सगळं ठीक आहे, प्रभूची स्तुती असो" म्हणून मी मोकळी व्हायचे. आणि खरं सांगू? माणसांपाशी झाकून बोलायची सवय लागली, तशी ती देवापाशीही लागली. रात्री एकटी असतानासुद्धा, सगळं ठीक आहे प्रभू.

म्हणून आज हनन्याची गोष्ट. जमिनीच्या पैशांत लबाडी करणारा, सप्पीरेचा नवरा, तो हनन्या वेगळा. हा दिमिष्कातला, म्हणजे आजच्या दमास्कसमधला. बायबलात लूकने लिहिलेलं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9.

शौल, म्हणजे पुढे जो पौल झाला तो, दिमिष्काला निघालाय. जवळ मुख्य याजकाची पत्रं: या मार्गाचे, म्हणजे येशूला मानणारे, पुरुष असोत, बायका असोत, बांधून यरुशलेमेला आणायचे. वाटेत एकाएकी प्रकाश, आणि शौल जमिनीवर. जमिनीवर पडला, बरं का, घोड्यावरून नव्हे. चित्रांत हमखास घोडा असतो, पण लूकने घोडा लिहिलेलाच नाही. तसेच बाळ येशूला बघायला आलेले ते तीन मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक. दानं तीन होती, मागी किती ते मत्तय सांगत नाही. चित्रं बघून बायबल शिकू नका, हे संडेस्कूलमध्ये सांगून सांगून माझा घसा बसलाय. असो.

तर शौलाला तीन दिवस दिसत नाही. अन्न नाही, पाणी नाही. यहूदा नावाच्या माणसाच्या घरी तो बसून आहे. घर कुठे? 'नीट' नावाच्या रस्त्यावर. दिमिष्कात तो रस्ता आजही आहे.

इकडे प्रभू हनन्याला दर्शनात हाक मारतो आणि पत्ता देतो. ऊठ, नीट रस्त्यावर जा, शौलाची चौकशी कर, तो प्रार्थना करतोय. हनन्या काय म्हणतो? चक्क हुज्जत घालतो. प्रभू, या माणसाने यरुशलेमेत तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय, ते मी पुष्कळांकडून ऐकलंय. इथेही लोकांना धरायचा अधिकार घेऊन आलाय तो! परत सांगते, ऐका. प्रत्यक्ष प्रभू बोलतोय, आणि हनन्या त्यालाच बातमी देतोय. जसं काही प्रभूला माहीतच नाही! मग प्रभू रागावला का? नाही. 'अल्पविश्वासी' म्हणाला का? तेही नाही. हनन्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, जा. वर कारणही सांगितलं, की हा मी निवडलेला आहे.

आणि हनन्या गेला. त्याला चालताना काय वाटलं, हे लूक लिहीत नाही. मला मात्र तो दारापाशी क्षणभर थबकलेला दिसतो. आत गेला, शौलावर हात ठेवले आणि पहिला शब्द काढला, "शौल भाऊ." ज्याला बघून पळून जायचं, त्याला भाऊ! तोपर्यंत शौलाने कुणाची माफी मागितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि शौलाकडूनही बघा. ज्यांना बांधायला आला, त्यांच्यातलाच कुणीतरी डोक्यावर हात ठेवतोय, आणि दिसत तर काही नाही. तोही बसून राहिला. मग डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी गळून पडलं.

आता माझे थोडे शब्द. हनन्याने भाव ठेवला तो पाठवणाऱ्यावर. शौलावर भरवसा बसला होता, असं कुठे आहे? क्षमा वेगळी, भरवसा वेगळा. योहान दुसऱ्या अध्यायात लिहितो, की येशूने स्वतःला लोकांच्या भरवशावर सोडलं नाही, कारण माणसाच्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक होतं. शौलाला यरुशलेमेत जायला तीन वर्षं लागली, आणि तरी तिथले शिष्य त्याला भ्यालेच. शेवटी बर्णबा नावाचा एक शिष्य त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला. भ्यालेल्या शिष्यांना कुणी दोष दिल्याचं मला सापडत नाही. आणखी एक, जरा जोरात सांगते. ज्याने तुम्हाला मारहाण केली त्याच्याकडे परत जा, असं कुणी हनन्याचं नाव घेऊन सांगत असेल, तर ऐकू नका. हनन्याला प्रभूने स्वतः सांगितलं होतं, शेजारणीने नव्हे.

माझं म्हणाल तर मी पुन्हा सुरुवात केली ती हनन्यासारखी, तक्रारीने. एका रात्री प्रभूला त्या पायऱ्यांचं सगळं सांगितलं, नावानिशी, रागाने. वीज पडली नाही.

परवा गटातल्याच एका ताईंना फोन केला. फार मोठं काही सांगितलं नाही. तपासणीचा रिपोर्ट यायचाय, भीती वाटतेय, प्रार्थना करा, एवढंच. त्या लगेच फोनवरच प्रार्थना करू लागल्या. 'आमेन' झाल्यावर, "कुणाला सांगू नका हं, ताई," असं मात्र मी दोनदा म्हटलं.